जुनी शिलाई मशीनं हौसेनं घेताना आणि विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक जुनं मशीन घरात आलं की दुसरं त्याचा माग काढत येतं. घ्यायचं, खोलून साफ करायचं, थोडे दिवस त्यावर शिवायचं आणि ज्याला खरंच हवं आहे त्याला देऊन टाकायचं, या चक्रात मी बरीच वर्षं अडकलेली आहे. हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. मध्येमध्ये माझी मतंही आली आहेत, ती मतं म्हणूनच घ्या.

विंटेज कशाला म्हणायचं आणि अँटिक कशाला?

शंभरी ओलांडली की अँटिक, त्याच्या अलीकडचं विंटेज, अशी ढोबळ वाटणी बहुतेक लोक करतात. मला सालापेक्षा पोटात काय आहे ते जास्त महत्त्वाचं वाटतं. साधारण १९६०च्या दशकात घरगुती मशीनमध्ये प्लास्टिकचे आणि नायलॉनचे गिअर शिरले. धातूचे गिअर असलेलं मशीन पन्नास वर्षं माळ्यावर पडून राहिलं तरी बहुधा पुन्हा चालू होतं. प्लास्टिकचा गिअर मात्र वापर नसतानाही नुसत्या वयानं तडकतो. म्हणून हेड (स्टँड किंवा पेटी सोडून नुसतं मशीन) उलटं करून किंवा वरचं झाकण काढून गिअर बघा, मग बाकीचं बोलू.

पहिलंच मशीन घ्यायचंय. कोणतं घेऊ?

सिंगर कंपनीचं १५ नंबरचं मॉडेल, किंवा त्याची नक्कल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कारखान्यांनी सिंगर १५ची रचना जशीच्या तशी उचलली आणि निरनिराळ्या आयातदारांच्या असंख्य नावांनी ती मशीनं जगभर गेली. त्यामुळे कधी न ऐकलेल्या नावाचं, झगझगीत निळं किंवा हिरवं मशीन दिसलं आणि त्याचं बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) डावीकडच्या टोकाला उभं बसत असेल, तर ते बहुतेक याच घराण्यातलं. नाव परकं असलं तरी भाग ओळखीचे. बॉबिन आणि ते बसवायची डबी, म्हणजे बॉबिन केस, आजही नवी मिळते, सुई कुठल्याही दुकानात मिळणारी चालते.

सिंगर ६६ आणि त्याचं धाकटं भावंड ९९ हेही चांगले पर्याय. यांत बॉबिन सुईच्या पुढे, सरकत्या पत्र्याखाली आडवं बसतं. ९९ म्हणजे ६६चा पाऊणपट अवतार, त्यामुळे उचलायला सोपं. एकच सावधगिरी: जुन्या ६६मध्ये फूट (कापड दाबणारा पाय) पाठीमागून अडकवायची पद्धत होती. लाल डोळ्यांसारखी नक्षी असलेली, ‘रेड आय’ म्हणून ओळखली जाणारी काही मशीनं अशीच आहेत. नेहमीचे बाजूने बसणारे फूट त्यांना चालत नाहीत आणि पाठीमागून बसणारे सहज सापडत नाहीत.

पहिल्यांदाच घेत असाल तर वेगळ्याच मापाची सुई लागणारं मशीन टाळा. सिंगर १२ला १२×१ सुई लागते, २०६ला २०६×१३. मशीन फुकट मिळेल आणि पुढची दोन वर्षं सुया शोधण्यात जातील.

मशीन बघायला जाताना सोबत काय न्यायचं? तिथे नक्की काय बघायचं?

एक छोटी बॅटरी, रुंद टोकाचा पेचकस, १५×१ मापाच्या दोन कोऱ्या सुया (आजच्या पाकिटावर हेच माप १३०/७०५ एच असं लिहिलेलं असतं), दोन वेगळ्या रंगांचे चांगले दोरे आणि सुती कापडाची चिंधी. दोरा आपलाच न्या. खणात मशीनसोबत सापडलेला लाकडी रिळावरचा दोरा कितीही देखणा असला तरी तो बहुधा कुजलेला असतो. तो तुटला की माणसं मशीनला दोष देतात.

आधी चाक हातानं फिरवा, वरची बाजू आपल्याकडे येईल अशा दिशेनं. काही जुन्या कंपन्यांची मशीनं उलट दिशेनं चालायची, म्हणून अडखळलं तर जोर लावण्याआधी हेही डोक्यात असू द्या. एका पूर्ण फेरीत एकाच जागी जड लागत असेल तर कुठेतरी काहीतरी घासतंय. सगळीकडे सारखंच जड लागत असेल तर तेल सुकलंय, आणि ही किरकोळ तक्रार.

मग सरकता पत्रा उघडा आणि बॅटरी आत मारा. शटल किंवा बॉबिन केस जागेवर आहे का? हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते, कारण एकदा तो विचारलाच नव्हता. समोर सिंगर २७ होतं, काळ्या अंगावर सोनेरी स्फिंक्स, नक्षी इतकी शाबूत की मालक काय सांगतोय तिकडे माझं लक्षच नव्हतं. घरी आणून पत्रा सरकवला तर आत शटलची जागा रिकामी. या मशीनमध्ये बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल असतं आणि त्यात पेन्सिलीच्या तुकड्याएवढं लांब बॉबिन. ते मिळवायला मला कित्येक महिने लागले, आणि तेवढे दिवस तो स्फिंक्स टेबलावर बसून माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर सुईखालची प्लेट बघा. भोकाच्या कडेला सुई आपटून ओरखडे पडले असतील तर दोरा तिथेच तुटणार. बारीक पॉलिश पेपरनं ते जातात, पण किंमत बोलताना ध्यानात असू द्या. फूट वर-खाली करा. खालचे कापड सरकवणारे दात बोटानं चाचपा; गुळगुळीत झाले असतील तर कापड नीट सरकणार नाही. सुईची दांडी गंजलेली आहे का ते बघा. वरवरचा गंज निघतो, खड्डे पडले असतील तर ते राहतात.

लाकडी पेटीला टाचणीएवढी भोकं असतील तर ती किड्यांची. पेटी हलकेच आपटून बघा. ताजी भुकटी पडली तर कीड अजून जिवंत आहे आणि ती पेटी घरातल्या इतर लाकडाजवळ ठेवू नये.

शेवटी चिंधीवर शिवून बघा. वरचा दोरा एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. शिवता येण्याच्या स्थितीत नसेल तर नसू दे, पण मग ‘बंद मशीन’ समजूनच दाम बोला.

चाक अजिबात फिरत नाही. घ्यावं का?

मी घेते. फिरत नाही आणि मोडलेलं आहे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. चाक फिरतंय पण सुई हलत नसेल तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं: बॉबिन भरताना चाकाच्या मधली मूठ सैल करतात आणि ती घट्ट करायची राहून जाते. मूठ घट्ट करूनही तेच होत असेल तर आतली चकती कुणीतरी काढून उलटी बसवलेली असते. चकती अर्धी फिरवून पुन्हा बसवायची, एवढंच.

खरोखर जाम असेल तर दोन कारणं संभवतात, गोठलेलं तेल किंवा अडकलेला दोरा. एकदा माझ्याकडे आलेलं ६६ पाव फेरीनंतर खटकन अडायचं. आधीच्या मालकानं ‘आतलं काहीतरी तुटलंय’ म्हणून ते सोडून दिलं होतं. बॉबिन केस काढली, हुकाच्या (वरचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या) मागे बॅटरी मारली, तर काळ्या तेलात माखलेला एक हिरवा धागा दिसला. चिमट्यानं ओढायला लागले तर तो येतच राहिला, केसाच्या गुंत्यासारखा, हातभर तरी असेल. शेवटचा तुकडा निघाला आणि चाक आपल्या वजनानं अर्धी फेरी फिरलं. तुटलेलं काहीही नव्हतं.

तेल गोठलं असेल तर घाई करू नका. मोटर आणि पट्टा असेल तर काढून ठेवा, उघड्या खिडकीशी बसा, आणि जिथे जिथे धातू धातूवर सरकतो तिथे रॉकेलचे थेंब सोडा. हेड उलटं करून खालच्या सांध्यांनाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तर चिकटलेलं तेल लवकर सुटतं, पण ती रॉकेल टाकण्याआधी द्यायची. रॉकेल पेट घेतं. मग चाक पुढे-मागे हलवत राहायचं, केसभर हललं तरी पुरे, आणि रात्रभर सोडून द्यायचं. काही मशीनं चार दिवस घेतात. पाना लावून चाकावर जोर काढला तर जे तुटलेलं नव्हतं तेही तुटेल. सुटल्यावर रॉकेल पुसून सगळीकडे शिलाई मशीनचं तेल द्या. रॉकेल मळ काढतं, वंगणाचं काम करत नाही.

तेल कोणतं वापरायचं?

शिलाई मशीनचं, पाण्यासारखं पातळ आणि रंगहीन. स्वयंपाकाचं तेल कधीही नाही. जुनी मशीनं जाम होण्यामागे ते हमखास सापडतं. सुकून त्याची लाख होते.

सीरिअल नंबरवरून साल कसं काढतात?

सिंगरचा नंबर बहुधा बेडच्या (मशीनच्या सपाट तळाच्या) उजव्या कोपऱ्यात, खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९००च्या आधीचं. अक्षरं १९००पासून आली. ‘ई’नं सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. हा प्रचंड कारखाना १९८०मध्ये बंद पडला. जर्मनीतल्या विटेनबर्गेच्या मशीनवर ‘सी’ असतो. नंबरांच्या याद्या सहज मिळतात, त्यांत आपला आकडा कुठे बसतो ते बघायचं.

एक बारकावा मात्र जाहिरातींमध्ये कुणी लिहीत नाही. कंपनी नंबरांचे मोठे गठ्ठे आधीच कारखान्याला वाटून द्यायची. यादीतली तारीख त्या वाटपाची असते. मशीन प्रत्यक्ष तयार व्हायला आणि विकलं जायला त्यानंतर महिने, कधी वर्षभरही लागलेलं असू शकतं. त्यामुळे ‘आजीच्या लग्नातलं मशीन’ आणि यादीतलं साल यांत एक-दोन वर्षांचा फरक निघाला तर आजीला खोटं पाडू नका.

बिल्ल्यावर निळी कड आणि ‘१८५१–१९५१’ असं दिसलं तर तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला. त्या सुमारास अनेक मॉडेलांवर तो लागला, म्हणून त्यानं मशीन दुर्मीळ ठरत नाही.

शंभर वर्षांचं आहे म्हणजे भारी किंमत येईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त चेहरे पडतात. बहुतेक वेळा नाही.

कारण समजून घेतलं तर राग येणार नाही. इलायस हाउनं १८४६मध्ये टोकाला नेढं असलेल्या सुईच्या मशीनचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. पण मशीन घराघरांत पोचवलं ते सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं: १८५६मध्ये त्यानं हप्त्यांवर विक्री सुरू केली. एकरकमी पैसे नसलेल्या घरांतही मशीन जाऊ लागलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगर एकटीच वर्षाला दहा लाखांहून जास्त मशीनं विकत होती. घडणही अशी की ती सहज मरत नाहीत. तेव्हा शंभर वर्षांची काळी मशीनं आजही जगात पोत्यानं आहेत.

गंमत म्हणजे त्याच काळात कंपनीनं ‘जुनं मशीन द्या, नव्यावर सूट घ्या’ अशी योजनाही काढली आणि जमा झालेली जुनी मशीनं मोडून टाकली, जुन्याचा बाजारच उभा राहू नये म्हणून. त्यामुळे १८५०च्या दशकातलं खरंखुरं मशीन हाती आलं तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा मात्र काहीही पुसू नका, तेलही घालू नका, आधी जाणकाराला दाखवा.

भाव मिळतो तो मागणीला. सिंगर २२१, लाडाचं नाव ‘फेदरवेट’, १९३३मध्ये आलं. ॲल्युमिनियमचं अंग, वजन जेमतेम पाच किलो, टाका अप्रतिम. गोधड्या शिवणाऱ्यांना ते वर्गाला घेऊन जाता येतं, म्हणून तुलनेनं तरुण असूनही त्याच्या पणजोबांपेक्षा ते महाग विकलं जातं. मोकळ्या बाहीचं, म्हणजे ज्याच्या अरुंद तळावर बाही चढवून शिवता येते ते २२२के त्याहून महाग.

जुन्या मशीनमध्ये ‘रेड मर्क्युरी’ असतं म्हणे?

नसतं. २००९मध्ये सौदी अरेबियात, हा अतिमौल्यवान पदार्थ जुन्या सिंगरच्या सुईत असतो, अशी अफवा पसरली, सुईजवळ मोबाइल धरून लोक ‘परीक्षा’ घेऊ लागले आणि जुन्या सिंगरचे भाव काही दिवस आभाळाला भिडले. या नावाचा पदार्थ मशीनमध्येच काय, कुठेच सापडलेला नाही. असा फोन आला की मी ‘रॉंग नंबर’ म्हणते.

जाहिरातीत ‘इंडस्ट्रियल, चामडंही शिवतं’ लिहिलंय. खरं?

लोखंडी आहे म्हणून कारखान्याचं होत नाही. घरगुती १५ किंवा २०१ जीन्सची दुमड सहज ओलांडतं, मऊ पातळ चामड्यावर चार टाकेही घालेल. रोज चामडं शिवायला लावलं तर काही महिन्यांत त्याचं मातेरं. चांभारकामासाठी २९के सारखी वेगळीच मशीनं बनत, लांब निमुळत्या हाताची. विकणारा ‘इंडस्ट्रियल’ हा शब्द वापरत असेल तर त्याच्या बाकीच्या वर्णनाकडेही जरा डोळे बारीक करून बघा.

सोनेरी नक्षी साफ कशी करायची?

घाबरत घाबरत. काळ्या रंगावर नक्षी चिकटवलेली असते आणि तिच्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा पारदर्शक थर. स्पिरिटनं लाख विरघळते. मला हे कळलं ते बोळ्यावर अर्धं पान सोनेरी उमटल्यावर. एका निवांत दुपारी मी स्पिरिटनं मशीनची ‘शेवटची चमक’ काढायला बसले होते. बोळा पिवळा झाला तेव्हा वाटलं मळ निघतोय, खूश होऊन आणखी चोळलं. दुसऱ्या बाजूची नक्षी अजून आहे. ते मशीन मी भिंतीकडे तोंड करून ठेवते.

तेव्हा स्पिरिट नको, काचा पुसायचं अमोनियावालं द्रावण नको, पाणीही जपून. कापसाच्या बोळ्यावर शिलाई मशीनचं तेल घ्या, कोपऱ्यात लहानशी जागा निवडून बघा, बोळ्यावर तपकिरी आलं तर मळ, सोनेरी आलं तर थांबा. एक दिवस तेल लावून ठेवलं तर जास्त निघतं. ज्या नक्षीचं सोनं आधीच झिजून खालची चांदी दिसायला लागली आहे तिला हातच लावू नका.

मोटरवालं मशीन घ्यायला भीती वाटते. काय बघू?

भीती योग्यच आहे. प्लग लावण्याआधी वायर बोटांत धरून हलकी वाकवा. रबर तडकलं, भुगा पडला, आतली तार दिसली तर प्लगला हात लावायचा नाही. पाटीवरचा व्होल्टेज वाचा. ११०चं मशीन २२०वर लावलं तर मोटर जळते, आणि परदेशातून आलेल्या मशीनबाबत ही चूक फार होते.

पायाखालच्या कंट्रोलमध्ये किंवा मोटरजवळ एक कपॅसिटर असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो बसवत. दिवसभर नीट चालणारं मशीन अचानक धूर सोडतं किंवा पाय उचलल्यावरही आपोआप पळत राहतं, ते पुष्कळदा याच म्हाताऱ्या कपॅसिटरमुळे. विजेच्या कामाचा अनुभव नसेल तर वायरिंग आणि कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्या. मी अजूनही घेते. आणि कामाशिवाय प्लग भिंतीत ठेवू नका.

सिंगर १५-९१ आणि २०१ यांसारख्या मशीनमध्ये मोटर अंगातच बसवलेली असते, पट्ट्याविना थेट गिअरवर. या मोटरला तेल द्यायचं नसतं, ग्रीस लागतं. तेल दिलं तर ते गुंडाळीत उतरतं आणि मोटर जाते.

हे सगळं नको असेल तर हातमशीन किंवा पायमशीन घ्या. हातमशीनवर एक हात चाकाला जातो, पण नवशिक्याला आणि मुलांना शिकवायला त्यासारखं काही नाही. हात थांबला की सुई थांबते.

मशीन फिरतंय, पण टाके सुटतात. फसवलं गेलो का?

दहातल्या आठ वेळा सुई उलटी किंवा बोथट असते. सुईला एका बाजूला लांब खाच असते आणि दोरा त्याच बाजूनं ओवायचा असतो. सपाट बाजू त्याच्या विरुद्ध. जुन्या मशीनमध्ये काही डावीकडून ओवतात, काही उजवीकडून, काही समोरून, आणि आपण सवयीनं नव्या मशीनसारखं बसवतो. सुईच्या वरच्या, दोरा जाणाऱ्या शेवटच्या कडीकडे बघा, ती ज्या बाजूला आहे त्या बाजूनं सहसा ओवतात. सुई पार वर टेकेपर्यंत घाला.

खाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर खालचा ताण छेडू नका. तो दोष वरच्या दोऱ्याचा असतो: बहुतेक वेळा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, किंवा त्या चकत्यांमध्ये जुनी लव अडकलेली असते. फूट वर उचला म्हणजे चकत्या सैल होतात, आणि मग त्यांच्यामधून जाड दोरा दोन-तीनदा ओढून काढा.

सिंगर सोडून काय बघावं?

बरंच. फाफ ही १८६२पासूनची जर्मन कंपनी. तिचं १३० झिगझॅग करतं आणि जुन्या काळ्या मशीनमध्ये माझ्या मते कापड सरकवण्यात त्याला तोड नाही. बर्निनानं १९३८मध्ये घरगुती झिगझॅग मशीन काढलं. इटलीच्या नेक्कीची मशीनं देखणी आहेत, पण नक्षी पाडणाऱ्या मॉडेलांच्या चकत्या सोबत आहेत का ते आधी विचारा.

१९४०ची स्वित्झर्लंडची एल्ना, हिरवी, टोळासारखी, माझी लाडकी. गुडघ्यानं दाबायच्या दांडीवर चालते आणि तिची पत्र्याची पेटी उलगडली की शिवायला टेबल होतं. दुखणं एकच: मोटरचं रबरी चाक एकाच जागी दाबून राहिलं तर तिथे सपाट होतं आणि मशीन टक टक करत धावतं.

विल्कॉक्स अँड गिब्स दिसायला खेळण्यासारखं, आकार इंग्रजी ‘जी’ अक्षराचा. एकाच दोऱ्यानं साखळी टाका घालतं, बॉबिन नाहीच. योग्य टोक ओढलं की सगळी शिवण सर्रकन उसवते. रोजच्या कामाला नाही, पण सोडवत नाही.

बंद मशीन सुटं करून भाग विकले तर जास्त पैसे येतात. करावं?

येतात, खरं आहे. ज्याच्या बेडला तडा गेलाय किंवा जे गंजून गोळा झालंय ते खुशाल सुटं करा. त्यातल्या बॉबिन केसनं दुसरं मशीन जगेल. पण चालू पायमशीनचं हेड फेकून फक्त बिडाचा स्टँड टेबलासाठी विकतात ते मला बघवत नाही. स्टँड विकायचाच असेल तर हेडसाठी वेगळा माणूस शोधा, ते हातमशीन म्हणूनही चालेल. चाक आऱ्यांचं असेल तर त्यावर हातानं फिरवायचा जोड बसतो.

किंमत कशी ठरवायची?

लोक काय मागतायत ते बघू नका, किती रुपयांना किंवा डॉलरला प्रत्यक्ष विकलं गेलं ते बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जे महिनोन्‌महिने पडून आहे ते त्या किमतीला विकलं जात नाही, इतकंच ते सांगतं. मग त्यात आपला खर्च धरा: सुई, पट्टा, बॉबिन, रबरं. आपले तास धरू नका. धरले तर हा छंद सोडून द्यावा लागेल, मी एकदा हिशोब मांडून बघितला आहे.

‘तेल देऊन, शिवून तपासलेलं’ आणि ‘जसं आहे तसं’ यांच्या किमतीत मोठं अंतर राहू द्या. आणि ज्यावर भावना जडली आहे ते मशीन विकायला काढू नका. त्याची किंमत कुणीच देत नाही आणि मन उगाच कडू होतं.

विकताना काय दाखवायचं, काय सांगायचं?

फोटो उजेडात, चारही बाजूंनी, शिवाय सीरिअल नंबर, उघड्या पत्र्याखालचं शटल, उलटं केलेलं हेड आणि जिथे जिथे खरवडलंय तिथला जवळून. दोन रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेल्या चिंधीचे दोन्ही बाजूंचे फोटो. टाके सारखे आहेत, वरचा रंग खाली डोकावत नाही, हे जाणणारा एका नजरेत ओळखतो. चाक फिरतानाचा छोटा व्हिडिओ, आवाजासकट. गाणं लावू नका.

दोष आधी सांगितला की ग्राहक बिचकेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ‘मागे जाणारी शिवण नाही, दिवा बंद आहे, पेटीचं कुलूप लागत नाही’ असं लिहिलेली मशीनं लवकर जातात, कारण घेणाऱ्याचे तीन फोन वाचतात.

लांबच्या गिऱ्हाईकाला पाठवायचं आहे. पॅकिंग?

घरगुती लोखंडी हेड बारा ते पंधरा किलोचं असतं आणि एका कोपऱ्यावर पडलं तर बीड फुटतं, वाकत नाही. हेड तळाच्या पेटीपासून वेगळं करा. मागच्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू सैल केले की ते निघतं. रिळाची खुंटी, दोरा ओढणारी दांडी, चाक ही बाहेर आलेली टोकं आधी मोडतात. जे निघतं ते काढा, उरलेल्यांभोवती जाड फोम. मशीन एका घट्ट खोक्यात, ते खोकं मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंनी भरीव भरण. फुगे असलेलं प्लास्टिक या वजनाखाली फुटून सपाट होतं. पायमशीनचा स्टँड पाठवू नका, घेणाऱ्यालाच येऊ द्या.

आणि वाकवलेल्या लाकडाच्या झाकणाची मूठ धरून मशीन कधीही उचलू नका. माझ्याकडून विकलेलं एक ९९, कुलूप नीट लागलंय अशा समजुतीत, मीच गाडीपर्यंत न्यायला उचललं. झाकण हातात राहिलं आणि मशीन पायरीवर. घेणारे गृहस्थ काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पैसे तिथेच परत दिले.

मशीनसोबत काय काय द्यायचं?

एक कोरी सुई बसवलेली आणि पाकीट वेगळं, दोन-तीन भरलेली बॉबिनं, तेलाची छोटी बाटली, दोरा कसा ओवायचा त्याचं चित्र. फूट आणि जोड असलेला डबा मूळचा असेल तर तो काढून वेगळा विकायचा मोह होतो. मी तो मशीनसोबतच ठेवते. चाचणीची चिंधी सुईखालीच राहू द्या, फूट खाली, दोरा ओवलेला. घेणारा घरी जाऊन तोच टाका पुढे चालवून बघतो, आणि ‘चालत नाही’ असा फोन आला तर पहिला प्रश्न विचारायला सोपं जातं: चिंधी काढल्यावर दोरा परत कसा ओवलात?